घरातलं लाइट बिल कोण वाचतं?

बेळगावच्या एका वाचक भगिनीचं तीन पानी पत्र आलं आहे. नाव आणि कॉलेज वगळून त्याचा गोषवारा असा:

‘मी छत्तीस वर्षांची आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि परदेशी जाऊन राहिलेल्या स्त्रियांच्या कादंबऱ्यांवर, वसाहतोत्तर स्त्रीवादाच्या, म्हणजे एके काळी पारतंत्र्यात असलेल्या देशांतल्या बायकांच्या बाजूनं बघण्याच्या अंगानं, पीएच.डी. करते आहे. भारती मुखर्जी, झुंपा लाहिरी, मोनिका अली वाचता वाचता मला नायिकांच्या जागी माझ्या सासूबाई दिसायला लागल्या. त्या गोकाकच्या, कानडी घरातल्या. आमच्या मराठी घरात येऊन त्यांना चाळीसेक वर्षं झाली. आल्या त्या दिवशी नाव बदललं, मग भाषा बदलली. घरात त्यांना कानडी बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. लाइट बिल, सरकारी कागद तेवढे त्यांच्याकडून वाचून घेतात. त्यांच्यावर मी दीर्घकथा लिहिली. कथेत त्यांना नाव दिलेलं नाही, नुसतं “ती” म्हटलंय. दिवाळी अंकाला पाठवायच्या आधी नवऱ्याला दाखवली, तर तो म्हणाला, “आईला यात ओढू नकोस. आजोबा सीमालढ्यात तुरुंगात गेले. त्याच घरानं एका बाईची भाषा मारली, असं आपणच छापून आणायचं काय?” गाइडना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “गोकाक ते बेळगाव साठ-सत्तर किलोमीटर. हे कसलं स्थलांतर? आणि परदेशी तर तुम्ही स्वतःही कधी गेला नाहीत.” आता ना कथा पुढे सरकते, ना प्रबंध. कथा पाठवू का? की विषयच बदलू?’

ताई,

तुमचं पत्र वाचून संपल्यावर मी पुन्हा मागे गेले ती त्या लाइट बिलाच्या वाक्यापाशी. तिथं येईनच. आधी गाइडसाहेबांचं बघू, ते सोपं आहे.

परदेशी न जाता परदेशी गेलेल्या बाईवर लिहिता येत नाही, हा नियम लावला तर ‘ज्ञानेश्वरी’ शिकवणाऱ्याला आधी समाधी घ्यावी लागेल. ते सोडून द्या. किलोमीटरचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच नोंदलेलं आहे. आपल्याकडे बाईचं घर बदलतं, पण त्याला स्थलांतर न म्हणता ‘नांदायला जाणं’ म्हणतात, म्हणून ते कुणाला दिसत नाही. एवढं गाइडना जरूर सांगा. पण थोडं त्यांच्या बाजूनंही बोलते. मोनिका अली यांच्या ‘ब्रिक लेन’मधली नाझनीन बांगलादेशातून लंडनला जाते, तेव्हा तिच्याभोवती वेगळा कायदा असतो, वेगळ्या रंगाची माणसं असतात, रस्त्यावर उतरलं तर बोलायला भाषा नसते. तुमच्या सासूबाईंनी जिल्हासुद्धा ओलांडला नाही. गोकाकही बेळगाव जिल्ह्यातच. त्यांच्याकडे कधी कुणी कागदपत्रं मागितली नाहीत. दोघींना एका ओळीत बसवायची घाई केलीत तर दोघीही पुसट होतील.

नावाचं तुम्ही लिहिलंय ते मात्र खोलवर लागलं. भारती मुखर्जी यांच्या ‘जस्मिन’मध्ये (१९८९) पंजाबातल्या ज्योतीला नवरा जस्मिन करतो, अमेरिकेत तिची जेझ होते, आयोवात जेन होते. जो भेटेल तो तिला आपल्या सोयीचं नाव देतो. जीन ऱ्हीस यांच्या ‘वाइड सरगॅसो सी’मधल्या (१९६६) आंत्वानेतला नवरा बर्था म्हणत राहतो आणि पुढे तिला इंग्लंडात माडीवर कोंडून ठेवतो. इतक्या लांब कशाला, धारवाडला जन्मलेल्या, कन्नड नाटककार श्रीरंगांच्या कन्या शशी देशपांडे यांच्या ‘दॅट लाँग सायलेन्स’मधल्या जयाला लग्नात सुहासिनी हे नाव मिळतं. आपल्याकडे ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीनं ते नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, तेव्हा किती संताप झाला ते तुम्हीही पाहिलंय. त्या गदारोळात कुणाला तांदळावरची नावं आठवली असतील असं वाटत नाही. मलाही नाही आठवली, खरं सांगायचं तर.

इथवर मी तुमच्याबरोबर आहे. ‘जस्मिन’पासून सासूबाईंपर्यंत सरळ रेघ ओढताय, तिथं जरा थांबा. त्या कादंबरीवर वसाहतोत्तर स्त्रीवादी समीक्षकांनीच काय आक्षेप घेतला हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल: पंजाब म्हणजे अंधार आणि अमेरिका म्हणजे सुटका, असा साचा तिच्यात आहे. तुम्ही तोच साचा उलटा करून वापरताय की काय, अशी मला शंका आली. तुमच्या पत्रात गोकाक म्हणजे हरवलेलं सगळं, आणि सासर म्हणजे गप्प करणारं घर. मुंबईत जन्मलेल्या स्त्रीवादी विचारवंत चंद्रा तळपदे मोहंती यांनी १९८४ साली पाश्चात्त्य स्त्रीवादी अभ्यासकांना नेमकं यावरच धरलं होतं. जगभरच्या वेगवेगळ्या बायकांची तुम्ही एकच ‘तिसऱ्या जगातली स्त्री’ बनवता, सदा पीडित, सदा मुकी, आणि तिच्याशेजारी उभं राहून स्वतः मोकळ्या दिसता, असं त्यांचं म्हणणं. आता हे वाक्य बेळगावच्या एका घरात आणून बघा. शिकलेली, इंग्रजी शिकवणारी सून आणि मुकी सासू. मला हे लिहिताना थोडं वाईट वाटतंय, कारण तुमचं प्रेम पत्रात ओळीओळीला दिसतं. पण प्रेमानंही माणूस मुकं करता येतं.

आता लाइट बिल. तुम्ही ते जाता जाता, तक्रारीच्या सुरात लिहिलंय, ‘तेवढे त्यांच्याकडून वाचून घेतात’. ताई, सीमाभागातल्या मराठी घरात हे ‘तेवढे’ म्हणजे किती असतं, ठाऊक आहे ना? बिल कन्नडमध्ये, रेशनचा कागद कन्नडमध्ये, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, कचेरीतली नोटीस कन्नडमध्ये. मी या गावात तीस वर्षं राहून अजून बसचा बोर्ड शेजारच्याला विचारते. मराठीत कागद मिळावेत म्हणून आपली माणसं इतकी वर्षं अर्ज करत आली, आणि ते मिळेपर्यंत हातातला कागद कुणीतरी वाचून सांगावा लागतोच. तुमच्या घरात तो कोण वाचत आलं? सासरे कचेरीत गेले तर साहेबाशी कोण बोललं? तुमच्या नवऱ्याला शाळेत सक्तीची कन्नड होती, तेव्हा पाटीवर पहिलं अक्षर कुणी गिरवून घेतलं?

घराच्या आत त्या एकट्या कानडी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की राज्याची भाषा त्यांची, आणि तुमचे सासरे अल्पसंख्य. म्हणजे त्या दिवसातून चार वेळा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातात आणि दोन्हीकडचं इकडे तिकडे पोचवतात. नाझनीनला किंवा झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’मध्ये अमेरिकेत गेलेल्या अशिमाला ही सोय नाही. त्यांची भाषा दाराच्या आतच चालते. तुमच्या सासूबाईंचं नेमकं उलटं झालंय. इतकी वेगळी बाई हाताशी असताना तुम्ही तिला ठरीव नायिकेचं लुगडं का नेसवताय, हा माझा तुमच्याशी खरा वाद आहे.

आणि त्या घरात कानडी बोलत नाहीत, असं तुम्ही म्हणता. कुणाशी बोलतील? तुम्हाला येते? पत्रावरून वाटतं, नसावी. फोनवर बहिणीशी कुठल्या भाषेत बोलतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नोटा मोजताना ओठ हलतात तेव्हा एक, दोन, तीन असतं की ओंदू, एरडू, मूरू? नातवाला पाळण्यात काय म्हणून निजवलं? माझी थोरली काकू चिकोडीकडची. आयुष्यभर मराठी बोलली, आणि म्हशीवर मात्र कानडीतच खेकसायची. आम्ही मुलं समजायचो, म्हशीला मराठी कळत नाही.

तुमच्या प्रबंधात गायत्री स्पिव्हाक यांचा १९८८ चा निबंध असणारच, वंचिताला बोलता येतं का असं विचारणारा. त्यातली भुवनेश्वरी भादुरी आठवा. १९२६ साली कलकत्त्यात या तरुण मुलीनं गळफास घेतला. प्रेमप्रकरणातून दिवस गेले असतील असं लोक म्हणतील, हे तिला कळत होतं, म्हणून ती पाळी येईपर्यंत थांबली. शरीरानंच तिनं उत्तर लिहून ठेवलं. राजकीय गटानं सोपवलेलं काम तिच्यानं होत नव्हतं, हे खरं कारण पुढे उघड झालं. तरीही नंतरच्या पिढीत तिच्याच नात्यातल्या बायका ‘काहीतरी भानगड असणार’ असंच म्हणत राहिल्या. स्पिव्हाकबाईंनी नंतर सांगितलं की ती त्यांच्या आजीची बहीण. त्या निबंधाचं शीर्षक सगळे घोकतात, ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. घरातल्या बाईचं घरातल्याच शिकलेल्या बाईला चुकीचं ऐकू येऊ शकतं, याची मला ती सगळ्यात मोठी आठवण वाटते.

नवऱ्याबद्दल. ‘दॅट लाँग सायलेन्स’मधली जया एक कथा लिहिते, तिला बक्षीस मिळतं, आणि नवरा मोहन दुखावतो, लोकांना हे आपल्याच घरातलं वाटेल म्हणतो. त्यानंतर जया तसलं लिहिणं सोडून मासिकात हलकंफुलकं सदर लिहायला लागते. (सदर लिहिणारी म्हणून हा टोला मलाही बसतो.) तुमच्या नवऱ्याचं वाक्य वाचून मला मोहनच आठवला, पण पुरता नाही. मोहनला स्वतःची चिंता होती, याला आजोबांची आहे. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून दर १ नोव्हेंबरला इथली मराठी माणसं काळा दिवस पाळतात, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. इतकी वर्षं पाठीवर वागवलेल्या गोष्टीला घरातूनच कुणी टाचणी लावली तर दुखणारच. त्याच्यावर चिडू नका.

पण एक विचारा त्याला. तुरुंगात जाऊन आलेल्या त्या आजोबांनी गोकाकची कानडी सून कशी काय केली? हे तुमच्या पत्रात नाही, आणि माझ्या मते कथा तिथंच सुरू होते. जात एक आणि भाषा दोन, अशा सोयरिकी आपल्या भागात नव्या नाहीत. माणसं मोर्चात एका बाजूला आणि मांडवात एकाच पंगतीला असतात. त्यांना भाषेचा हक्क हवा होता, कानडी माणसाशी वैर नव्हतं, असं असेल. किंवा हुंड्याचं गणित जमलं असेल, कोण जाणे. मग १९८६ साल येतं, कन्नडसक्तीविरोधाचं आंदोलन पेटतं. हिशेब करता त्या सुमारास सासूबाई त्या घरात नव्या, किंवा नुकत्याच येऊ घातलेल्या. ओसरीवर कन्नडसक्तीच्या विरोधात बैठक चाललीय आणि चहाचे कप घेऊन येणारी कानडी नवरी. त्या वेळी त्यांना काय वाटलं, हे कुणी कधी विचारलं असेल असं वाटत नाही. तुम्ही तरी विचारलंत का? ‘ती’वर तुम्ही अख्खी दीर्घकथा लिहिलीत, तिच्या मनातलंही त्यात असणारच. ते तुम्हाला कुठून कळलं?

तर माझं म्हणणं, कथा आत्ता पाठवू नका. नवरा नको म्हणतो म्हणून थांबू नका, सासूबाईंना अजून विचारलेलं नाही म्हणून थांबा. ही दोन कारणं बाहेरून सारखी दिसतात, पण पहिल्यात घराण्याचं नाव राखलं जातं आणि दुसऱ्यात एका बाईचा तिच्या आयुष्यावरचा हक्क.

विचारायचं कसं, हेही सांगते, कारण अशी पत्रं मला इतरही मुलींकडून येतात. कुणी आईवर लिहिते, कुणी आत्यावर, कुणी विडी कारखान्यात राबलेल्या आजीवर. फोन रेकॉर्डिंगला लावून समोर बसू नका. ‘तुमची ओळख हरवली असं वाटतं का’ असलं तर मुळीच विचारू नका. त्या घाबरून ‘छे गं, सगळं छान आहे’ म्हणतील आणि विषय मिटेल. शेंगा फोडताना, पापड वाळत घालताना विचारा. काही मिळवायचं असेल तर आधी काही मागा: ‘मला कानडी शिकवता का?’ तुम्ही शिकवणाऱ्या, त्या शिकणाऱ्या, असंच तुमच्या मनात बसलंय, ते एकदा उलटं होऊ दे. त्यांच्याबरोबर गोकाकला जा आणि निदान दोन दिवस राहा. येताना तिथली मिठाई, करदंट, आणाच, पण मुख्य म्हणजे तिथं त्या कशा बोलतात ते ऐका. माहेराला कन्नडमध्ये तवरुमने म्हणतात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच त्यांच्याकडे बीसुकल्लाची पदं आहेत, लेक लांब दिल्याची, भाऊ न्यायला आल्याची. विजापूरकडच्या हलसंगी गावच्या मंडळींनी ती गोळा करून ‘गरतिय हाडु’ म्हणून छापलीसुद्धा. सासूबाईंना त्यातलं एखादं येत असेल. मग तुम्ही तुम्हाला येणारी ओवी म्हणा. यातून कथेला काही मिळालं नाही तरी बिघडत नाही.

मग कथा त्यांना वाचून दाखवा. मराठीत दाखवा, आणि जमलं तर कॉलेजातल्या कन्नड विभागातल्या कुणाकडून थोडा भाग कन्नडमध्ये करून घ्या. आपल्यावरचं लिखाण आपल्या भाषेत ऐकताना माणूस वेगळं बोलतो. त्या ‘लिही, पण एवढं नको’ म्हणाल्या तर तेवढं काढा, वाद न घालता. ‘नकोच’ म्हणाल्या तर कथा ट्रंकेत ठेवा. त्या ‘हो’ म्हणाल्या आणि नवरा ‘नाही’ म्हणत राहिला, तर मी तुमच्या जागी असते तर छापली असती. मात्र त्याला अंक हातात देऊन सांगण्याऐवजी आधी आईच्या तोंडून ऐकू द्यावं. त्याच्याही कानावर पहिली भाषा कुठली पडली असेल, याचा त्यानं बहुधा कधी विचार केलेला नाही.

नाव बदललं, गाव बदललं म्हणजे माणूस झाकला, या भ्रमात राहू नका. लंडनच्या बांगलादेशी वस्तीतल्या काही लोकांनी ‘ब्रिक लेन’वर आक्षेप घेतला, २००६ साली चित्रपट निघायचा होता तेव्हा निदर्शनंही केली. तिथं अख्खी वस्ती होती, राग वाटला जाणारा. तुमच्याकडे एकच घर आहे. शहापूर-वडगाव-अनगोळात कोण कुणाची सून हे कळायला दोन गल्ल्या पुरतात, आणि दिवाळी अंक आपल्या वाचनालयात सगळेच चाळतात.

प्रबंधाचा विषय बदलू नका, त्यातला प्रश्न बदला. ‘या नायिकांनी काय गमावलं’ हे शंभर जणींनी लिहून झालंय. त्या काय चालवतात ते बघा. झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’मधली अशिमा पहिल्याच पानावर अमेरिकेत राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि कांदा एकत्र करून झालमुडीची तहान भागवते. सगळे तेवढंच उद्धृत करतात. पण पुढे तीच बाई पत्त्यांच्या वह्या सांभाळते, वाचनालयात नोकरी धरते, परक्या गावात बंगाली माणसांचं अख्खं गोत उभं करते, आणि शेवटी सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे राहायचं ठरवते. तिच्या नावाचा अर्थच सीमा नसलेली. सीमाभागात बसून हे वाचणाऱ्या बाईला त्यात जे दिसेल ते अमेरिकेतल्या समीक्षकाला दिसणार नाही, हे गाइडना सांगा. सासूबाई स्थलांतरित आहेत, असं सिद्ध करायला जाऊ नका. तिथं ते तुम्हाला किलोमीटरमध्ये अडकवतील. एकाच जिल्ह्यात, लग्नातून, भाषेची रेघ ओलांडणाऱ्या बाईपाशी ही परदेशी मापं कुठं तोकडी पडतात, एवढंच एका प्रकरणात मांडा. सोबतीला शशी देशपांडे घ्या. मराठीत गौरी देशपांडे यांनी परदेशी राहणारी बाई ऐंशीच्या दशकातच आणली होती, तीही घ्या. गाइड कुरकुरतील, पण एका प्रकरणाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

यंदाचा दिवाळी अंक हुकेल. हुकू द्या, पुढच्या वर्षीही निघेलच. आणि कथा वाचून दाखवायला बसाल तेव्हा पहिलं वाक्य वाचण्याआधी ‘ती’ला काय नाव द्यायचं ते त्यांनाच विचारा. तीन पानी पत्रात तुम्ही त्यांचं माहेरचं नाव काय होतं हे कुठं लिहिलेलं नाही. त्या सांगतील ते माहेरचं असेल, सासरचं असेल, किंवा या दोन्हींपेक्षा निराळंच. जे सांगतील ते त्यांच्याकडूनच आधी कन्नड अक्षरांत लिहून घ्या, आणि ते कसं वाचायचं तेही शिकून घ्या.